हॅस्लेट दुसरा यायला हवा

१८ जानेवारी, सोमवार

हॅस्लेट तिसरा. सोळा टक्के. सकाळी रेडिओवर सांगितलं, राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्यांत कोण कितवा. ड्रुरीबाई चौतीस, म्हातारा किप तेवीस, मग हा. ओदील विचारते, आकडेसुद्धा लिहू? लिही ना! तुझी बाई सगळ्यात वर आहे, हात तर तुझाच शिवशिवतोय.

ओदील गान्ये माझी शेजारीण. सत्तर वर्षांची पोर. तिच्या अंगणातल्या बर्फात ड्रुरीबाईची पाटी रोवलेली, माझ्या अंगणात हॅस्लेटची. मधे कुंपण, तेही पडकं. मी सांगते, ती लिहिते. मजुरी — वाडगाभर वाटाण्याचं सूप.

मला अक्षर येत नाही. जंगलात लाकूडतोड्यांच्या तळावर वाढले. बाप झाडं तोडायचा, आई चाळीस माणसांचं रांधायची, मी बटाटे सोलायची. शाळा मी चौदाव्या वर्षी पाहिली — बाहेरून. माझं नाव तेवढं काढता येतं. काढता, लिहिता नाही. चिमणीचं चित्र काढावं तसं. हे गावात दोघींना माहीत होतं. ओदीलला, आणि माझ्या नातीला, सेलीनला. आता एकीलाच माहीत आहे.

मला हॅस्लेट आवडत नाही, हे आधी लिहून ठेव. हात लोण्यासारखे. डोळ्यांत पाणी आणायला त्याला कांदा लागत नाही. तरी तो दुसरा यायला हवा. पहिला आला तर मेणबत्ती लावीन, पण दुसरा तरी यायलाच हवा.

का ते परवा. सूप बुडाला लागतंय.

२० जानेवारी, बुधवार

का ते.

जेनीन माझी सून. वरच्या मजल्यावर राहते. माझा लिओनेल अकरा वर्षांपूर्वी गेला — झाड कापताना झाडच अंगावर आलं. मग राहिलो तिघी. सेलीन गेली ती एकोणतीस सप्टेंबरला. कपडे धुवायच्या दुकानामागे गाडी लावतात तिथे, गाडीतच. नशेची सुई हातातच होती. सव्वीस वर्षांची.

त्यानंतर जेनीन अकरा आठवडे पलंगावरून उठली नाही. मला जिना चढवत नाही, कंबर धरते. रोज सकाळी मी झाडूच्या दांड्याने छताला ठोकायची. वरून ती टाच आपटायची. एकदा. म्हणजे आहे, जिवंत आहे. अकरा आठवडे सासू-सुनेचं तेवढंच बोलणं.

मधे एकदा दम खात खात वर गेले होते. पिठाच्या डब्यात हात घातला तर पुरचुंडी. गोळ्या. सेलीनच्या असणार. खाली आणून चुलीत टाकल्या. दहा दिवसांनी पुन्हा गेले. त्याच डब्यात दुसरी पुरचुंडी! आता सेलीन तर नव्हती. म्हणजे जेनीनने कुठून तरी आणल्या. त्याही टाकल्या. 

डिसेंबरात हॅस्लेट चर्चच्या हॉलमध्ये आला. मी तिला ओढून नेलं — तिथे फुकट डोनट होते, आणि घरात काही शिजवलेलं नव्हतं. नाइटगाउनवर कोट चढवून आली. त्याने विचारलं, कोणाला काही बोलायचंय? आणि ही उठली! सगळं बोलली. पंचवीस मिनिटं. हॉलमध्ये कोणी खोकलं नाही. हॅस्लेट खाली उतरला, तिला जवळ घेतलं, रडला. कॅमेरे होतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू उचलला तर वर पावलं वाजत होती. नळ सुरू होता. केस धूत होती.

तेव्हापासून ती त्याच्या गाडीतून फिरते. दिवसाला पाच हॉल, सहा हॉल. स्टेजवर चढते, सेलीनचं सांगते, मग तो बोलतो. वर्तमानपत्रात फोटो येतात. जेवते. ओठांना लाली लावते.

म्हणून सांगते. नऊ फेब्रुवारीला आमच्या राज्यात मतदान, पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाला कोणाला उभं करायचं त्याचं. पहिले दोघं लवाजम्यासकट खाली दक्षिणेत जातात, कॅरोलायनात, पुढच्या मतदानाला. तिसऱ्याला पैसे देणारे पैसे देत नाहीत, तो घरी जातो. हॅस्लेट घरी गेला की जेनीनही घरी येणार. वर. त्या पलंगावर. मग झाडूच्या दांड्याने मी तिला किती दिवस जिवंत ठेवणार?

ओदील लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, मेमेर — गाव मला आजीच म्हणतं — मी अंगणातली पाटी काढू का? म्हटलं, राहू दे. एका मताने काय होतंय. पण बघितलंस, तुझीही पाटी हलली ना!

२२ जानेवारी, शुक्रवार

आज सहा फोन. कोण कितव्या नंबरावर ते विचारणारे. मी सहाही वेळा हॅस्लेटचं नाव घेतलं.

पहिल्याला खरं सांगितलं, ब्याऐंशी वर्षांची विधवा. दुसऱ्याला म्हटलं, चव्वेचाळीस वर्षांचा सुतार आहे. तो म्हणाला, सर, आवाज जरा बारीक वाटतो. म्हटलं, थंडी बघ किती आहे, तुझाही होईल! तिसरं यंत्र होतं — हॅस्लेट हवा तर तीन दाबा. आकडे मला येतात. आकडे गिरणीत कामाला लागले तेव्हा भोंग्याबरोबर शिकले. तीन दाबलं. चौथीला सांगितलं की नवऱ्याचंही मत मीच सांगते, तो आंघोळीला गेलाय. नवरा एकोणीस वर्षं मातीत आहे.

ओदील म्हणाली, हे पाप आहे.

आहेच. कबुलीला जाईन तेव्हा फादर लावाल्येंना सांगेन. तो किपवाला, दुप्पट प्रायश्चित्त देईल.

२५ जानेवारी, सोमवार

हॅस्लेट घरी आला! माझ्या स्वयंपाकघरात. सोबत डेन्टन, त्याचा कारभारी. पन्नाशीचा माणूस, खालच्या कुठल्या राज्यातला — बर्फात पातळ चामड्याचे बूट घालून! पायरीवर दोनदा घसरला. म्हटलं, तुमच्याकडे बर्फ विकत मिळतो वाटतं?

हॅस्लेट खुर्चीवर बसला. बाहेर दोन कॅमेरे. मी डुकराचा खिमा भरून भाजलेल्या पोळीचा तुकडा कापून दिला. त्याने दोन घास खाल्ले, बाकी डेन्टनकडे सरकवला. हे नजरेतून सुटलं नाही माझ्या.

"मेमेर," तो म्हणाला — आल्या आल्या मेमेर! आजी म्हणायला नात्यातला असल्यासारखा. "मेमेर, तुमच्या सुनेसारखी धीराची बाई मी पाहिली नाही."

"मग पाहून ठेव," म्हटलं. "नऊ तारखेनंतर विसरशील."

हसला. सगळे हसले. जेनीन नाही हसली.

"कॅरोलायनात येणार ना ही आमच्याबरोबर," तो म्हणाला. जेनीनच्या खांद्यावर हात ठेवला. डेन्टन बुटाकडे बघत होता.

मग सगळे हॉलवर. मीही गेले, पहिल्या रांगेत बसवलं. जेनीन बोलायला उभी राहिली. "माझी मुलगी नर्सिंग शिकत होती," म्हणाली. "तिला लोकांची सेवा करायची होती. चर्चमध्ये गायची."

सेलीन? दोन आठवडे गेली होती त्या वर्गाला, पाहुणीसारखी. मग पेट्रोलपंपाच्या गल्ल्यावर लागली. आणि गाणं! ती गायला लागली की कुत्रा बाहेर जायचा.

सगळा हॉल डोळे पुसत होता. मीही पुसले. का पुसले माहीत नाही.

२७ जानेवारी, बुधवार

हॅस्लेट एकोणीस. किप बावीस. चढतोय!

३० जानेवारी, शनिवार

जेनीनशी वाजलं.

शनिवार म्हणून बीन्स भट्टीत होते. ती दोन तास घरी होती, केस वाळवायला खाली आली. मी म्हटलं, सेलीन गायची कधीपासून?

"आई, नको."

"माझी अंगठी नेली होती तिने. लिओनेलची लाकूड कापायची करवत विकली. माझ्या पर्समधून —"

"मला माहीत नाही का, आई? मी तिची आई आहे!"

"मग ते सांग ना तिकडे."

तिने टॉवेल खाली ठेवला. शांतपणे म्हणाली, "पहिल्यांदा मला पंचवीस मिनिटं होती. मग दहा दिली. मग चार. आता पंचेचाळीस सेकंद आहेत. पंचेचाळीस सेकंदांत काय बसतं? डेन्टन म्हणाला, चोरणाऱ्या मुलीसाठी कोणी रडत नाही. मतं तर सोडाच."

"आणि तू ऐकलंस."

"तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही? स्टेजवर मी कोणातरी दुसऱ्याच मुलीबद्दल बोलते. चांगली मुलगी आहे ती. गाते. तिच्याबद्दल बोलून झालं की मला भूक लागते, आई. झोप लागते. खऱ्या सेलीनबद्दल बोलले तर —"

 बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ओले केस टोपीत कोंबून गेली.

मी विचारायला नको होतं. ओदील, हे पुन्हा लिही. विचारायला नको होतं.

२ फेब्रुवारी, मंगळवार

मेणबत्त्यांचा सण. एका मुठीत नाणं धरायचं, दुसऱ्या हाताने पॅनकेक उडवून झेलायचा. झेलला की वर्ष बरं जातं. माझा झेलला. ओदीलचा भट्टीवर पडला. म्हटलं, घे, तुझ्या ड्रुरीबाईचं झालं!

दुपारी जेनीन दहा मिनिटं आली. कोटही काढला नाही. तिने उडवला — छताला लागता लागता राहिला — आणि झेलला! तिथेच उभ्याने खाल्ला, मेपलचा पाक हनुवटीवर. सहा वर्षांची वाटली.

आयोवा राज्यातला, आमच्या आधीच्या मतदानाचा निकाल आला. हॅस्लेट तिथे तिसरा. ते जाऊ दे. तिथे मका पिकतो, त्यांना काय कळतं!

५ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्रीच्या वादविवादात किप अडखळला. विचारलं एक, त्याने उत्तर दिलं भलतंच, मग घड्याळात बघितलं. म्हातारा थकलाय. मला त्याची दया आली. दया आली आणि आनंद झाला, दोन्ही एकदम. अशी मी.

आज हॅस्लेट बावीस, किप एकवीस. दुसरा!

जेनीनने बॅग भरली. लिओनेलशी लग्न झालं तेव्हाची, निळी. सपाता विकत घेतल्यात. फेब्रुवारीत सपाता! म्हणाली, तिकडे थंडी नसते म्हणे, फुलं असतात. मला घालून दाखवल्या. पाय पांढरेफटक, कित्येक महिने ऊन न लागलेले.

"छान आहेत," म्हटलं.

"आई, मी गेले तर तुमच्याकडे कोण बघेल?"

"ओदील आहे. तिला मी मरायच्या आधी मला ड्रुरीवाली करायचंय, ती सोडणार नाही."

हसली. चक्क दात दिसले.

तिच्या आनंदाची मला भीती वाटते. बर्फ वितळायच्या तोंडावर गोठलेल्या नदीवर चालल्यासारखी.

७ फेब्रुवारी, रविवार

चर्चनंतर तळघरात बिंगो. सात जणींना वळवलं. एकीला खीर, एकीला शपथ, मादाम बोलिओला धमकी — तिच्या नवऱ्याचं एकोणीसशे एकसष्टचं एक प्रकरण मला माहीत आहे. राजकारण म्हणजे काय निराळं असतं?

फादरला फोनचं पाप सांगितलं.  जाळीमागून विचारलं, "चव्वेचाळीस वर्षांचा सुतार?" हसत होता मेला.

८ फेब्रुवारी, सोमवार

उद्या.

आजची स्थिती. ड्रुरीबाई तेहतीस. हॅस्लेट बावीस. किप बावीस. डेन्टन फोनवर ओरडत होता, एकेक मत! एकेक मत! जेनीन त्याच्याच बरोबर खाली शहरात गेली, उद्याचा निकाल तिथल्या हॉटेलात ऐकणार. जाताना बॅग घेऊन गेली. परवा तिथूनच विमान. माझ्या कपाळाचा मुका घेतला.

मतपत्रिकेचा नमुना टाउन हॉलच्या भिंतीवर लावलाय. ओदीलला घेऊन गेले. आजूबाजूला कोणी नाही बघून तिने हळूच वाचली. अठ्ठावीस नावं! निम्मे तर वेडे आहेत, एक जण बूट डोक्यावर घालून फिरतो. हॅस्लेट वरून नववा. ओदीलने माझं बोट धरून नवव्या ओळीवर ठेवलं. मग काढायला लावलं, पुन्हा शोधायला लावलं. चार वेळा. चारही वेळा बरोबर.

तिची बाई पाचवी. ती मला पाचवीवर नेऊ शकली असती. मला काय कळणार होतं? नेलं नाही.

तिला हे लिहायचं नव्हतं. म्हणते, यात काय लिहायचं. लिही, म्हटलं. वही माझी आहे.

९ फेब्रुवारी, मंगळवार

काय केलं मी, काय केलं!

सकाळी सातला टाउन हॉल. उणे अठरा. रांग दारापर्यंत. टेबलाशी फेर्नांद क्रोतो, यादी घेऊन. पन्नास वर्षं ओळखते मला.

"गाढवाची दे," म्हटलं. आमच्याकडे दोन पक्ष, गाढव नि हत्ती, ज्याची त्याची मतपत्रिका वेगळी. हॅस्लेट, किप, ड्रुरी, सगळे गाढवाकडचे. हत्तीचा बाजार निराळा. मी कोणाचीच नाही. जे कोणाचेच नाहीत, त्यांनी हवी ती मागायची.

फेर्नांदने पट्टी यादीवर सरकवली. थांबली. "मेमेर, तू हत्तीची आहेस."

"मी? माझ्या बापाच्या दारात हत्ती कधी आला नाही!"

"इथे लिहिलंय बघ." कागद माझ्याकडे फिरवला. मी बघितलं. बघितल्यासारखं केलं.

मग आठवलं. मागच्याच्या मागच्या सप्टेंबरात माझा चुलतभाऊ रोमेओ हत्तीकडून शेरीफला उभा होता. त्याच्यासाठी मी हत्तीची मतपत्रिका घेतली. ती घेतली की त्या क्षणी तुम्ही हत्तीचे होता. बाहेर पडताना दुसऱ्या टेबलावर एक कार्ड भरून सही करायची, की पुन्हा कोणाचेच नाही. गावातलं शेंबडं पोरसुद्धा ते भरतं. त्या दिवशी कार्ड देणारी पोरगी नवी होती. "वाचा, खूण करा, सही करा," म्हणाली, जोरात. मागे लोक. मी म्हटलं चष्मा घरी राहिला, भरते नंतर. आणि सरळ दाराबाहेर.

एवढंच. लाज वाटली म्हणून सरळ दाराबाहेर गेले. आणि बदलायची मुदत ऑक्टोबरातच संपली. ऑक्टोबरात सेलीनला जाऊन महिनाही झाला नव्हता, कोणाला आठवणार!

"काही करता येत नाही," फेर्नांद म्हणाली. मग हळू आवाजात, "हत्तीचीच घे आणि खाली रिकामी ओळ आहे तिथे हवं ते नाव हाताने लिही. चालतं. मोजतात ते."

हाताने लिही.

पडद्याआड गेले. पेन्सिल दोरीला बांधलेली. रिकामी ओळ दिसली. 'मदत हवी' म्हटलं असतं तर फेर्नांद आली असती, कायदा आहे तसा. पण मग रांगेतल्या सगळ्यांना कळलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत गावाला. ब्याऐंशी वर्षं झाकलेलं. हॅस्लेट कसा दिसतो माहीत आहे, हात कसे आहेत माहीत आहे, नाव कसं दिसतं? कालच ओदीलने नववी ओळ दाखवली तेव्हा नीट बघितलं असतं तर! मी फक्त मोजलं होतं.

किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेर कोणी तरी खाकरलं. कोरी टाकायची? मला ते जमेना. सूनबाईसाठी आले आणि कोरी!

मग मला जे काढता येतं ते काढलं. माझं नाव.

रात्री आठला मोजणी. आमच्याकडे अजून हाताने मोजतात, मोठ्याने वाचतात, लोक खुर्च्या घेऊन बसतात. ओदील आणि मी मागे, थर्मास घेऊन. गाढवाची आधी: ड्रुरी दोनशे बारा, हॅस्लेट एकशे एक्केचाळीस, किप एकशे अडतीस. तीनने! माझ्या सात जणी त्यात आहेत. मग हत्तीची. शेवटी हाताने लिहिलेली. फेर्नांदने चष्मा सारखा केला.

"आल्दिया थिबोदो. एक."

अख्खा हॉल खदाखदा हसला. गास्तों मिशो ओरडला, "मेमेर, वॉशिंग्टनला गेलीस की आम्हाला विसरू नको!"

"तुला मंत्री करते, गास्तों," म्हटलं. "नाही तरी तू काही काम करत नाहीस."

आणखी हसले. ओदील नाही. तिने कोटाच्या बाहीआड माझा हात धरून ठेवला होता.

साडेदहाला टीव्हीवर राज्याचा आकडा. हॅस्लेट दुसरा! किपपेक्षा दोन हजार जास्त. माझ्याविनाही आला. पडद्यावर हॅस्लेट हात हलवत होता. जेनीन मागे, उजवीकडे, निळ्या कोटात. टाळ्या वाजवत होती. मी मेणबत्ती लावली. दुसरा, म्हणजे अर्धीच जाळणार.

१० फेब्रुवारी, बुधवार

दुपारी एक गाडी घरापुढे थांबली. जेनीन उतरली. निळी बॅग घेऊन.

तिला नेलं नाही.

सकाळी हॉटेलात नाश्त्याच्या वेळी डेन्टनने सांगितलं. तिने मला दारातच, बूट न काढता, त्याच्याच शब्दांत सांगितलं. पाठ केल्यासारखं.

"तो म्हणाला, जेनीन, तुझे उपकार आम्ही विसरणार नाही. पण तिकडे आम्हाला तिकडची आई मिळालीय. मुलगा गेलाय तिचा, फुटबॉल खेळायचा. तिथले मतदार त्यांच्याच भागातल्या आईला ओळखतात. समजून घे."

"आणि हॅस्लेट?"

"तो विमानतळावर गेला होता."

"काही नाही म्हणाला?"

"चिठ्ठी दिलीय." हातातच होती. मला पुढे केली. मी घेतली, डोळ्यांपुढे धरली, परत दिली. आजही तेच नाटक!

"जेवून घे," म्हटलं. "सूप आहे."

"भूक नाही, आई."

वर गेली. दार लावल्याचा आवाज. मग काही नाही.

मी खाली बसून काय मागितलं होतं? दुसरा येऊ दे. आला. देवाकडे मागायचंही कळलं पाहिजे.

११ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी झाडूच्या दांड्याने छताला ठोकलं. वरून काही नाही. पुन्हा ठोकलं. तिसऱ्यांदा ठोकलं.

ओदील, पेन ठेव. मला जिन्यापर्यंत धर.

१५ फेब्रुवारी, सोमवार

हे जेनीन लिहिते आहे. अक्षर ओदीलपेक्षा वाईट. हेही लिही.

त्या दिवशी ती जागी होती. भिंतीकडे तोंड. मी पलंगावर बसले, दम खाऊन म्हटलं, जेनीन, मला वाचता येत नाही. वळून बघायला लागली. विचारलं, कालची चिठ्ठी? म्हटलं, चिठ्ठीच नाही, काहीच. तू या घरात सून म्हणून आलीस तेव्हापासून नाही, जन्मापासून नाही. एक वही आहे, कोणी तरी लिहायला हवं. ती म्हणाली, ओदील लिहिते ना? म्हटलं, ओदील शेजारीण आहे.

चार दिवस तिने मागची पानं वाचली. वर, एकटीने. मी खाली भट्टीजवळ. आज सकाळी पेन घेऊन आली, बसली, तारीख घातली.

मी सांगायला सुरुवात केली — सेलीन फार चांगली मुलगी होती.

तिने लिहिलं नाही. म्हणाली, "आई, नीट सांगा. मला कुठे जायचं नाहीये."